नाव ऊर्जेचं, खर्च अण्वस्त्रांचा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं. ताई वीज मंडळाच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्या असून दर महिन्याला सार्वजनिक पैशाविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यावर बरीच पत्रं आली, म्हणून अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे मेहुणे ह्यूस्टनला तेलाच्या धंद्यात आहेत. दिवाळीला आले होते. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिकेचं ऊर्जा खातं १९७७ मध्ये परदेशी तेलाची गरज कमी करायला काढलं. आज तिथं लाखावर माणसं पोसली जातात, वर्षाला पाच हजार कोटी डॉलर उडतात आणि खात्यानं आजवर तेलाचा एक थेंब काढला नाही. सरकारी खातं असंच फुगत जातं, म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही. यात खरं किती?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मेहुण्यांचे आकडे जवळपास बरोबर आहेत. फक्त आजचा आकडा सांगताना त्यांनी दोन हजेरीपटांची बेरीज केली आणि 'फुगलं' म्हणताना जुना आकडा बघितलाच नाही.

आधी माणसं बघू. ४ ऑगस्ट १९७७ ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि १ ऑक्टोबरला खातं सुरू झालं. पहिल्याच दिवशी तिथं जवळजवळ २० हजार सरकारी नोकर होते. एवढी भरती काही दोन महिन्यांत झालेली नव्हती. ऊर्जा संशोधन व विकास प्रशासन, तेलटंचाईच्या वेळी उभं केलेलं संघीय ऊर्जा प्रशासन, १९२० पासूनचा वीज आयोग आणि इतर खात्यांचे काही तुकडे, असं सगळं एका छपराखाली आणलं होतं. आपल्याकडे सुधारित आकृतिबंध (कुठल्या कचेरीत किती पदं, याचा तक्ता) मंजूर होतो आणि माणसं टेबलासकट दुसऱ्या कचेरीत वर्ग होतात, तसंच. आणि आज? गेल्या काही वर्षांत खात्यातले सरकारी नोकर १४ ते १७ हजारांच्या दरम्यान राहिले आहेत. म्हणजे वाढ सोडाच, घट झाली. त्यातही सुमारे ३ हजार माणसं एकट्या बॉनव्हिल वीज प्रशासनाची आहेत. वायव्येकडच्या कोलंबिया नदीवरच्या धरणांची वीज विकणारी ही संस्था १९३७ पासूनची. तिचा पगार वीजबिलांच्या वसुलीतून निघतो, करदात्याच्या खिशाला हात लागत नाही.

मग लाख कुठून आले? ते ठेकेदारांच्या पटावर आहेत, ९० हजारांच्या वर. आणि मेहुण्यांना वाटतं तसे ते नंतर हळूहळू चिकटलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात मॅनहॅटन प्रकल्प, म्हणजे अणुबॉम्ब बनवण्याचं काम, लष्कराच्या ताब्यात होता, पण राबत होत्या खासगी कंपन्या आणि विद्यापीठं. हॅनफर्डचं प्लुटोनियम ड्यूपाँटनं केलं, ओक रिजमधले युरेनियमचे कारखाने टेनेसी ईस्टमन आणि युनियन कार्बाइड यांनी चालवले, बॉम्बची लॉस अलामॉस प्रयोगशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होती. १ जानेवारी १९४७ ला हे सगळं मुलकी अणुऊर्जा आयोगाकडे गेलं, १९७५ मध्ये संशोधन प्रशासनाकडे आणि १९७७ मध्ये नव्या खात्याकडे. नव्या खात्याला ही ठेकेदारी आंदण मिळाली. तेव्हा १९७७ च्या २० हजारांशी तुलना करायची तर आजच्या १४-१७ हजारांशी करावी लागेल. एका बाजूला कायम नोकर आणि दुसऱ्या बाजूला कायम अधिक कंत्राटी, असा तुलनात्मक तक्ता माझ्या टेबलावर आला असता तर मी तो लाल शेरा मारून परत पाठवला असता.

आता पैसा. पहिल्या वर्षाची तरतूद होती १,०४० कोटी डॉलर. २०२४ ची साधारण ५,००० कोटी. पाचपट वाढ! पण त्याच काळात अमेरिकेतली महागाईही जवळपास पाच पटींनी वाढली. १९७८ च्या डॉलरला जे यायचं त्याला २०२४ मध्ये पावणेपाच डॉलरच्या वर लागतात. म्हणजे खऱ्या किमतीत खर्च जिथं होता तिथंच आहे. एक गोष्ट मात्र मेहुण्यांच्या बाजूनं सांगते, नाहीतर माझाही हिशेब अर्धवट राहील. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानं या खात्याला आणखी ६,२०० कोटी डॉलर काही वर्षांत विभागून दिले. ते या वार्षिक आकड्यात नाहीत.

लेखा विभागात एक खोड लागते. एकूण रकमेवर नजर थांबत नाही, खालच्या लेखाशीर्षांकडे, म्हणजे पैसा कशाकशावर गेला त्या बाबींकडे, जाते. या खात्याची लेखाशीर्षं उघडली की खरी गंमत दिसते. २०२४ च्या ५,००० कोटींपैकी सुमारे २,४०० कोटी राष्ट्रीय अणुसुरक्षा प्रशासनाचे, म्हणजे अण्वस्त्रं, त्यांची देखभाल, बॉम्बचे नवे प्लुटोनियमचे गाभे आणि नौदलाच्या पाणबुड्यांच्या अणुभट्ट्या. सुमारे ८५० कोटी जुन्या अण्वस्त्र कारखान्यांनी करून ठेवलेली घाण निस्तरायला. आणखी ८२० कोटींच्या आसपास मूलभूत विज्ञानाला : कणत्वरक, महासंगणक, पदार्थविज्ञान. हे वजा करा. सौर, पवन, कोळसा, अणुवीज, वीजवाहिन्या, म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला ऊर्जा म्हणतो ते सगळं, उरलेल्या एक पंचमांशाहून कमी रकमेत बसतं.

वाढ शोधायचीच असेल तर ती अण्वस्त्रांच्या शीर्षात आहे. २०१५ मध्ये तिथं साधारण १,१४० कोटी होते, नऊ वर्षांत दुपटीच्या वर गेले. जुने बॉम्ब नव्यानं घडवण्याचा आणि त्यासाठी जुनाट कारखाने पुन्हा बांधण्याचा कार्यक्रम दोन्ही पक्षांच्या सरकारांनी चालवला. हा खर्च गरजेचा की नाही, यावर मेहुण्यांशी जरूर वाद घाला. पण तो वाद तेलाचा नाही.

प्रश्न : मेहुण्यांचं ते 'एक थेंब' खरं आहे का? आणि परदेशी तेल कमी झालं की नाही, तेवढंच सांगा.
— एक वाचक, रत्नागिरी
(वर उत्तर दिलेलं सांगलीच्या वाचकांचं पत्र मागच्या अंकात छापलं होतं, त्यावरून हा प्रश्न आला.)

उत्तर : एक थेंब कसला, एका तेलक्षेत्राचा मोठा वाटा खात्याच्या मालकीचा होता! कॅलिफोर्नियातलं एल्क हिल्स. मूळ नौदलाचा राखीव साठा, १९७७ मध्ये या खात्याकडे आला. खात्यानं तिथून तेल काढलं, विकलं आणि १९९८ मध्ये आपला सगळा वाटाच ऑक्सिडेंटल कंपनीला ३६५ कोटी डॉलरना विकून टाकलं. तेलधंद्यातल्या माणसाला हे आठवायला हवं होतं.

शिवाय टेक्सास आणि लुइझियानामधल्या मिठाच्या पोकळ्यांत आणीबाणीचा तेलसाठा आहे. १९७५ च्या कायद्यानं तो सुरू झाला, ७१ कोटी पिंपं मावतील एवढा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर त्यातून १८ कोटी पिंपं विकायचं ठरलं, ते याच खात्यानं पार पाडलं.

आता आयात. खातं निघालं तेव्हा अमेरिका गरजेचं जवळजवळ निम्मं तेल बाहेरून आणत होती. नंतर गरज वाढत गेली आणि २००५ मध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांवर पोचलं. तिथवर बघितलं तर खातं सपशेल नापास. पुढे शेल खडकातलं तेल-वायू निघायला लागलं आणि २०२० मध्ये अमेरिका तेल व तेलपदार्थांची निव्वळ निर्यातदार झाली. शेलचं श्रेय टेक्सासच्या जॉर्ज मिचेल यांच्यासारख्या खासगी माणसांना जातं आणि ते योग्यच आहे. पण १९७६ पासून पूर्वेकडच्या शेल खडकांचा अभ्यास सरकारी पैशावर झाला आणि खडक कुठवर तडकला हे जमिनीखालच्या सूक्ष्म कंपनांवरून ओळखायचं तंत्र खात्याच्या सँडिया प्रयोगशाळेत वाढलं, हेही सांगायला हवं. किती टक्के श्रेय कुणाचं, ते मी काढत बसणार नाही.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ताई, इतकी माणसं कंत्राटी का? सरकारला स्वस्त पडतं म्हणून का? आणि या लोकांना कंत्राटी कामगारांसारखंच वागवतात का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : 'कंत्राटी' म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचा वायरमन आला असेल. महिन्याचा पगार दोन महिन्यांनी, खांबावर चढायला तोच आणि कायम होण्याची वाट बघणाराही तोच. त्याचं चित्र इथं लागू पडत नाही. या ९० हजारांत नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ आहेत. खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी फक्त एक सरकारी नोकर चालवतात. बाकी सोळांची जमीन, इमारत, यंत्रं सरकारची, पण चालवणारी संस्था ठेकेदार. अर्गॉन प्रयोगशाळा शिकागो विद्यापीठाच्या संस्थेकडे आहे, ओक रिजची प्रयोगशाळा टेनेसी विद्यापीठ आणि बॅटेल ही संशोधन संस्था यांच्या भागीदारीकडे. २०२२ मध्ये जगातला सर्वांत वेगवान ठरलेला फ्रंटियर महासंगणक याच ओक रिजमध्ये बसला. तुझ्या ओळखीतलं कुणी तिथं संशोधन करत असेल, तर कागदोपत्री ते अमेरिकन सरकारचे नोकर नाहीत. पगार आणि सवलती मात्र चांगल्या असतात. ठेका बदलला तरी माणसं सहसा त्याच जागी राहतात, वरची पाटी तेवढी बदलते.

असं का केलं? युद्धात घाई होती, आणि प्राध्यापकांना सरकारी वेतनश्रेणीत बसवून आणणं जमणारं नव्हतं. पुढे तीच सोय झाली. सँडिया प्रयोगशाळा एटी अँड टी कंपनीनं १९४९ पासून १९९३ पर्यंत चालवली. एक पैसा नफा न घेता. असे दिवस होते.

आता स्वस्तपणाचं. इथं मी थोडी कडवट होते, माफ कर. या खात्यातले बरेच मोठे ठेके 'खर्च अधिक शुल्क' पद्धतीचे असतात. ठेकेदार जो रास्त खर्च करेल तो सरकार भरतं, वर शुल्क देतं. ज्या कामात पुढे काय निघेल हे कुणालाच ठाऊक नाही, तिथं दुसरी पद्धत बसवणं अवघड, हे मान्य. पण मग ठेकेदारावर डोळा ठेवायला सरकारकडे जाणती माणसं लागतात. सरकारी पट आखडत गेला आणि ठेके वाढत गेले, की काम ज्याचं तोच मोजमाप घेणारा होतो. आपल्याकडे मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची नोंदवही, कोण भरतो यावरून निम्मी भांडणं होतात, ती उगाच नाही.

उदाहरण घे. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डमध्ये नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम तयार झालं. तिथं जमिनीखाली १७७ टाक्यांत सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी गाळ आहे. काही टाक्या गळतात. हा गाळ वितळलेल्या काचेत मिसळून कायमचा बंद करायचा कारखाना बांधायचं ठरलं. २००० साली बेक्टेल कंपनीला ठेका दिला तेव्हा अंदाज होता ४३० कोटी डॉलर. २००६ मध्ये तो १,२३० कोटी झाला. २०१६ मध्ये १,६८० कोटी. सुरू व्हायचा होता २०११ मध्ये. कमी तीव्रतेच्या कचऱ्याची पहिली काच ओतायला २०२५ उजाडलं, आणि तीव्र कचऱ्याचा भाग अजून बाकी आहे. घाई करून बांधत बांधतच आराखडा पुरा करायचा, असं ठरवलं होतं. टाक्यांतला गाळ कसा ढवळायचा हेच नीट सुटलेलं नव्हतं, आणि भिंती उभ्या राहत होत्या.

तिकडचं कॅग म्हणजे जीएओ. या संस्थेनं या खात्याचं ठेका व्यवस्थापन १९९० पासून 'जास्त जोखमीच्या' यादीत ठेवलं आहे. तू तेव्हा जन्मली नसशील.

प्रश्न : आपल्याकडे असं एकच ऊर्जा खातं का नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारण आपल्याकडे पाच आहेत. वीज, कोळसा, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू, नवीन व नवीकरणीय ऊर्जा ही चार मंत्रालयं, आणि अणुऊर्जा विभाग पंतप्रधानांकडे. अमेरिकेच्या खात्याशी आपली तुलना करायचीच तर अणुऊर्जा विभाग सर्वांत जवळचा. ३ ऑगस्ट १९५४ ला स्थापन झाला, बॉम्बचं आणि अणुविजेचं काम एकाच विभागात, संशोधनही तिथंच. त्याचं मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत आहे. पण ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातला शास्त्रज्ञ सरकारी नोकर आहे, लॉस अलामॉसचा नाही. म्हणून दोन्हीकडची डोकी मोजून शेजारी ठेवणारा तक्ता कुणी दाखवला तर त्यावर विसंबू नका.

प्रश्न : इतकी टीका होते तर खातं बंद का करत नाहीत? रेगन यांनी तर तसं वचन दिलं होतं ना?
— एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : दिलं होतं, सर. १९८० च्या प्रचारात. निवडून आल्यावर त्यांनी ऊर्जामंत्री नेमले जेम्स एडवर्ड्स, दक्षिण कॅरोलिनाचे माजी गव्हर्नर. व्यवसायानं दंतवैद्य. दात उपटावा तसं खातं उपटतील, असं वाटलं असावं. खातं मोडून बराचसा भाग वाणिज्य खात्याला जोडायची योजना संसदेपुढे गेली, पण संसदेनं ती उचलली नाही. आणि मौज अशी की, रेगन यांच्याच काळात अण्वस्त्रांचं काम वाढलं आणि ते याच खात्यात झालं.

अडचण दर वेळी तीच येते. सौर ऊर्जेची कचेरी बंद करता येते, संशोधन दुसरीकडे नेता येतं, पण बॉम्ब कुणाकडे द्यायचे? १९४६ च्या कायद्यापासून अण्वस्त्रं घडवण्याचं काम लष्कराच्या हातून काढून मुलकी हातांत ठेवलेलं आहे. ते पुन्हा पेंटॅगॉनला द्यायचं म्हटलं की बंदची भाषा करणारेही गप्प होतात.

टेक्सासचे रिक पेरी यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. नोव्हेंबर २०११ च्या उमेदवारांच्या वादसभेत आपण तीन खाती बंद करणार असं सांगायला लागले आणि तिसऱ्याचं नावच आठवेना. ते हेच खातं. पुढे २०१७ मध्ये त्याच खात्याचे मंत्री झाले. नेमणुकीआधीच्या सुनावणीत त्यांनी सांगितलं, की खात्याची माहिती घेतल्यावर ते बंद करा म्हटल्याचा आता पश्चात्ताप होतो.

आणि अगदी ताजं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नोकरकपातीच्या लाटेत अणुसुरक्षा प्रशासनातल्या तीनएकशे लोकांना अचानक काढून टाकल्याच्या नोटिसा गेल्या. त्यांत टेक्सासमध्ये अमॅरिलोजवळच्या पॅन्टेक्स कारखान्यावर देखरेख ठेवणारेही होते. अण्वस्त्रं जोडायचं-सोडवायचं काम तिथंच होतं. काढल्यावर कळलं की ही माणसं नेमकं काय करतात! एक-दोन दिवसांत बहुतेक नोटिसा मागे घेतल्या. लांबून बघणाऱ्याला हा पट अगदी छोटा दिसतो, ९० हजारांपुढे तीनशे म्हणजे काय? पण ठेकेदारांवर नजर ठेवणारे हेच. म्हणजे काटकसर नेमकी चुकीच्या हजेरीपटावर झाली.

प्रश्न : ताई, तुम्ही खात्याची बाजू घेताय असं वाटतं. तुमच्या मते त्यांचा कुठला पैसा निव्वळ वाया गेला? एकच सांगा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : युक्का माउंटन. १९८२ च्या कायद्यानं ठरलं, की अणुवीज केंद्रांतलं जळालेलं इंधन ३१ जानेवारी १९९८ पासून ऊर्जा खातं ताब्यात घेईल. त्यासाठी ग्राहकाच्या प्रत्येक युनिटमागे सेंटचा दहावा भाग वसूल व्हायला लागला. ते इंधन पुरायला नेव्हाडातल्या या डोंगरात बोगदा खणला, वर्षानुवर्षं अभ्यास झाले, सुमारे १,५०० कोटी डॉलर गेले आणि २०१० च्या सुमारास राजकारणापायी काम थांबलं. अठ्ठ्याण्णवची तारीख उलटली, इंधन केंद्रांच्या आवारातच राहिलं. वीज कंपन्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. सरकारनं आजवर नुकसानभरपाईपोटी १,००० कोटी डॉलरच्या वर भरले आहेत, आणि ते दरसाल भरतंच आहे.

हे पैसे खात्याच्या ५,००० कोटींत शोधू नका, सापडणार नाहीत. ते कोर्टाच्या निवाड्यांसाठी तिजोरीत असलेल्या वेगळ्या निधीतून जातात. त्या निधीला दर वर्षी संसदेची मंजुरीही लागत नाही.